मागांखालचं गाणं

"कोणत्या प्रकारचं संगीत करायचंय तुम्हाला?" दुकानातल्या माणसाने विचारलं.

"बहिणीचं," मी म्हटलं.

तो हसला नाही, म्हणून मी थांबले. हसला असता तर तशीच पायऱ्या उतरून गेले असते. त्या दिवसांत मला कुठेही थांबायला कारण लागायचं, निघायला लागत नसे. चाळिशीचा माणूस, विरळ केसांची डोक्यामागे शेपटी बांधलेली. मी मनात त्याला शेपटीवाला म्हणून टाकलं. टोपणनावं देण्याची सवय मला कामावरची. माझ्यासोबत भाची होती, ताईची मुलगी. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, त्यामुळे आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघते आणि मग डोळ्यांकडे. तिने माझा फोन घेतला आणि शेपटीवाल्याला ती फाइल ऐकवली.

तीन मिनिटं चाळीस सेकंदांची फाइल. दहा सेकंदांतच त्याने फोन कानापासून लांब धरला आणि हे काय आहे म्हणून विचारलं.

माग आहेत, मी सांगितलं. एका छपराखाली चाळीस यंत्रमाग, आणि त्यांच्या आवाजाखाली माझी बहीण गातेय. बहीण आठ महिन्यांपूर्वी गेली. मला माग काढून टाकायचेत आणि तिला ठेवायचंय. त्यासाठी काय घ्यावं लागतं ते दाखवा, आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही असं धरूनच दाखवा.

ताई गेली छातीच्या दुखण्याने. सव्वीस वर्षं श्वासाबरोबर सुताची धूळ घेतली होती, ती छातीत बसली ती उठलीच नाही. मी रडले नाही. शेजारच्या बायका माझ्याभोवती बसून वाट बघत होत्या. एकीने तर पाठीवर हात फिरवून फिरवून मला सुरुवात करून द्यायचा प्रयत्न केला. काही आलं नाही, तेव्हा उठून सगळ्यांना चहा केला. गिरणी बंद पडल्यापासून मी एका धुलाई केंद्रात हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालते. दोन दिवसांनी कामावर गेले आणि रोजच्यापेक्षा जास्त घड्या घातल्या. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं. भूक लागत नव्हती, राग येत नव्हता. राग न येणं ही माझ्या बाबतीत काळजीची गोष्ट आहे, हे मला ओळखणारं कोणीही सांगेल. एवढंच वाटत होतं की तिचा गाता आवाज एकदा ऐकावा.

कारण तो मी कधीच ऐकला नव्हता.

हे नीट सांगायला हवं. आमच्या शेडमध्ये माग सुरू झाले की माणसाच्या आवाजाला काही किंमत उरायची नाही. नवीन आलेली बाई आठवडाभर ओरडून बघायची, तिचा घसा बसायचा, आणि मग ती आमच्यासारखं बोलायला शिकायची. म्हणजे नुसत्या ओठांनी. तोंड मोठं उघडायचं, सावकाश हलवायचं, आवाज काढायचाच नाही. समोरची ते वाचायची. टोपणनावंही ओठ मिटून सुरू होणारी ठेवायचो, लांबून पटकन कळावीत म्हणून. मुकादम होता बंब. मी चणीने लहान, म्हणून मुंगी. ताईला मात्र मी ताईच म्हणायचे, मोठ्या बहिणीला टोपणनाव ठेवण्याइतकी माझी छाती नव्हती. तिचे दोन माग आणि माझे दोन माग समोरासमोर होते, मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. सव्वीस वर्षं आम्ही त्या वाटेवरून गप्पा मारल्या. घरगुती भांडणंसुद्धा तिथेच केली, कारण तिथे कोणाला ऐकू जात नसे.

ही सवय घरीही यायची. स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसून तास तास ओठ हलवायचो. भाऊजी होते तोवर म्हणायचे, तुम्ही दोघी बहिणी आहात की मासे आहात? त्यांना वाटायचं आम्ही त्यांच्याबद्दल बोलतोय. बरेचदा ते खरंच असायचं.

आणि ताई गाणी करायची. माग चालू असतानाच तिला सुचायचं. आधी नट आवळायच्या किल्लीने मागाच्या लोखंडावर तीन ठोके मारायची. ते ऐकू यायचे नाहीत, पायाखालून कळायचे. मी वर बघायचे आणि ती सुरू व्हायची.

पलीकडच्या मागावर माझी बहीण उभी,
धोटा जातो, धोटा येतो, मी इथेच उभी.
बंब आला, मान खाली, ओठ मिटून बसू,
बंब गेला की पुन्हा दोघी दात काढून हसू.

अशी आठ-दहा कडवी होती, दोन-तीन वर्षांत एखादं वाढायचं. संपलं की पुन्हा तीन ठोके. सगळे शब्द मला पाठ आहेत. चाल माहीत नाही. ती घरी कधी गायली नाही. मी म्हटलं तर म्हणायची, माग नसले की मला लाज वाटते. मीही कधी हट्ट धरला नाही. ती रोज समोर उभी होती, ऐकायची घाई कशाला करायची?

गिरणीच्या शेवटच्या दिवशी तिने माझा फोन घेतला, मागाच्या कडेला ठेवला, तीन ठोके मारले आणि अख्खं गाणं म्हटलं. मी तेव्हा तिच्यासमोर नव्हते, ऑफिसात सह्या करायला गेले होते. आले तेव्हा तिने फोन परत दिला आणि ओठांनी सांगितलं, "मुंगे, गाणं घातलंय यात. माग थांबले की ऐक." मी फोन खिशात टाकला. ऐकलं ते ती गेल्यावर. आधी ठोके, लोखंडावर ठेवलेल्या फोनने ते पकडले होते, मग साडेतीन मिनिटं नुसते माग, मग ठोके. गाणं त्यात होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शेपटीवाल्याने समजूतदारपणे सुरुवात केली. नवख्या माणसाने एकदम सगळं घेऊ नये म्हणाला. लॅपटॉप भाचीकडे होता. पियानोसारख्या पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड सगळे नवखे आधी मागतात, तो त्याने दाखवला. वाजवायचं काही नाही म्हटल्यावर लगेच परत ठेवला, हेही मला आवडलं. मग सॉफ्टवेअर. त्याच्या पडद्यावर तीन होती. एकात रंगीत चौकोन होते, दाबले की ढोल वाजायचे. एक महाग होतं, महिनाभर फुकट वापरून बघता येणारं. तिसरं साधं होतं, कायमचं फुकट. त्यात आडव्या पट्ट्या एकाखाली एक लावल्या होत्या, एकेका पट्टीत एकेक आवाज. मी ते तिसरं निवडलं. भाचीने विचारलं, हेच का? मागावर ताण्याचे दोरे लावल्यासारखं दिसतंय, मी म्हटलं, मला यातलं तुटलेलं कळेल.

हेडफोनच्या वेळी जरा पंचाईत झाली. त्याने दोन लावून दाखवले आणि एका गाण्यातली झांज ऐकवून म्हणाला, बघा, दुसऱ्यात ती किती स्वच्छ लागते. मला दोन्हींत झांज ऐकू आली नाही. वरचे आवाज माझ्या कानांतून कधीच गेलेत, गिरणीतल्या सगळ्याच बायकांचे गेलेत. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, मग स्वस्तातला घ्या, फक्त कान पूर्ण झाकणारा. त्या माणसाला दुकान चालवता येत नसावं, पण मला त्याच्यावर विश्वास बसला.

घरी भाचीने सगळं लॅपटॉपवर चढवलं. उघडल्याबरोबर सॉफ्टवेअरने गाण्याचा वेग विचारला, मिनिटाला ठोके किती. त्यात आधीच एकशे वीस लिहिलेलं होतं. मी म्हटलं, एकशे अडुसष्ट. भाचीने आकडा घातला, टिकटिक सुरू केली आणि खाली ताईची फाइल लावली. टिकटिक आणि सूत घेऊन ये-जा करणारा धोटा शेवटपर्यंत बरोबर चालले. भाची माझ्याकडे बघत राहिली. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. ताईच्या मागाचा तो वेग होता, आणि तिने त्याला वेळच्या वेळी तेल घातलं होतं.

आवाज काढून टाकायची रीत अशी. ज्या तुकड्यात फक्त नको असलेला आवाज आहे तो दाखवायचा. सॉफ्टवेअर तो शिकतं, आणि मग सगळीकडून तेवढाच वेचून काढतं. ठोक्यांच्या आधी चार सेकंद नुसते माग होते. ते दाखवले. पहिल्या खेपेला माग अर्धे झाले. दुसऱ्या खेपेला पाण्यात बुडाल्यासारखे गुडगुडायला लागले. तिसऱ्या खेपेला ते जवळजवळ गेले आणि गुडगुड उरली. त्यात ताई नव्हती. मी हेडफोन कानांवर दाबून धरला. भाचीचे कान धडधाकट आहेत, तिने ऐकलं. तिलाही काही लागलं नाही.

मी म्हटलं, फुकटचं आहे, फुकटच्यासारखंच वागणार. मग महागाचं महिनाभर वापरून बघितलं. रोज कामावरून यायचं, हातपाय धुवायचे, बसायचं. महागाच्या सॉफ्टवेअरने माग जास्त स्वच्छ काढले. ताईला काढलं नाही. एका संध्याकाळी भाची हळूच म्हणाली, "मावशी, कदाचित आईचा आवाज माईकपर्यंत पोचलाच नसेल." मी तिला म्हटलं, तुझ्या आईने फोन स्वतःच्या हाताने ठेवला होता, तिला कळत होतं कुठे ठेवायचा ते. मला त्या वेळी रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं. नुसतं बोलून झालं आणि मी भांडी घासायला गेले.

महिना संपला तेव्हा आम्ही पुन्हा शेपटीवाल्याकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एक युक्ती सांगितली. शब्द तुम्हाला पाठ आहेत ना? मग तुम्ही गा. हेडफोनमध्ये बहिणीची फाइल लावा, ठोक्यांनंतर ती सुरू झाली असेल तिथे सुरू करा, आणि तिच्याच वेळेत शेवटपर्यंत जा. म्हणजे कुठल्या सेकंदाला कुठला शब्द आहे ते कळेल, आणि मग आपण सगळीकडे न शोधता तिथेच शोधू. मी म्हटलं, मला गाता येत नाही. तो म्हणाला, चांगलं गायला सांगतंय कोण.

त्यासाठी माईक लागणार होता. एक प्रकार खोलीतलं सगळं ऐकणारा, पंखा, नळ, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची. दुसरा फक्त ओठांजवळचं ऐकणारा. मी दुसरा घेतला. त्याच्यासोबत एक लोखंडी डबीही घ्यावी लागली, माईक आणि लॅपटॉप यांच्या मध्ये बसणारी. डबीवर आवाज कमी-जास्त करायचं एक बटण होतं आणि दिव्यांची ओळ. शेपटीवाल्याने बोट ठेवून दाखवलं, हिरव्यात ठेवायचं, पिवळं झालं तरी चालेल, लाल लागू द्यायचं नाही, लाल लागलं की आवाज फाटतो. भाचीने ते कागदावर लिहून घेतलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. मी खुर्चीवर, ओठांसमोर माईक, कानांवर हेडफोन. भाची टेबलाच्या पलीकडे लॅपटॉप घेऊन समोर बसली. तिने रेकॉर्डिंगचा लाल गोल दाबला आणि मान हलवली.

कानांत माग सुरू झाले. मला वाटलं होतं काहीतरी होईल, पण काही झालं नाही. शेडमध्ये शिरल्यावर रोज व्हायचं तेवढंच झालं, खांदे जरा खाली आले आणि पाय नीट रोवले गेले. तीन ठोके आले. मी सुरू केलं. पलीकडच्या मागावर माझी बहीण उभी. एकही शब्द चुकला नाही. बंबाच्या कडव्याला मला हसूही येऊन गेलं. शेवटचं कडवं म्हटलं, आणि ओठ मिटले त्याच क्षणी शेवटचे तीन ठोके पडले. ताईने हेच म्हटलं होतं, याच वेळेत. मला अगदी खात्री झाली.

हेडफोन काढला. भाची पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"मावशी," ती म्हणाली, "तू गायलीच नाहीस."

मी म्हटलं, काहीतरीच काय, अख्खं गाणं म्हटलं.

"आवाज नव्हता. नुसते ओठ हलवत होतीस."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वरच्या पट्टीत ताईची फाइल, काळीभोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत मागांनी भरलेली. तिच्याखाली माझी पट्टी. तीत एक सरळ रेघ होती, ताणून धरलेल्या दोऱ्यासारखी. मला वाटलं माईक बिघडला. भाचीने त्याच्यासमोर चुटकी वाजवली तर रेघ लगेच उडाली. म्हटलं, पुन्हा लाव. पुन्हा हेडफोन घातला, माग आले, ठोके आले, मी म्हटलं. यावेळी मुद्दाम जोर लावला, मानेला रग लागेपर्यंत. पुन्हा रेघ सरळच. कानांत माग असताना आपण आवाज काढतोय की नाही, हे आपल्याला कळतच नाही. कधीच कळत नव्हतं. सव्वीस वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती.

मग मी वरच्या पट्टीकडे बघितलं.

फोन बरोबर ठेवला होता. सॉफ्टवेअरही चांगलं होतं, फुकटचं आणि महागाचं, दोन्ही. त्यांनी माग काढले आणि खाली जे होतं ते दाखवलं. ताई गायली होती. ठोक्यापासून ठोक्यापर्यंत, एकही कडवं न गाळता, मोठं तोंड उघडून, फोनकडे बघत. जशी रोज माझ्यासाठी गायची तशीच. समोर मी असते तर सगळं वाचलं असतं. पण त्या वेळी मी ऑफिसात सह्या करत होते.

"आवाज नाहीये तिचा," मी म्हटलं. "यात कधी नव्हताच."

 भाचीचे डोळे अजून माझ्या तोंडावरच होते.

"मावशी, हे आई करायची," ती म्हणाली. "मला मांडीवर घेऊन, झोपवताना. थोपटायची आणि तोंड असं हलवायची. मला वाटायचं ती काहीतरी चघळतेय. मी बघत बघत झोपायची."

मला यातलं काही माहीत नव्हतं. माग नसले की लाज वाटते म्हणणारी माझी बहीण रोज संध्याकाळी पोरीला तेच गाणं म्हणत होती. शेडमधल्यासारखंच.

"परत म्हण," भाची म्हणाली. "हेडफोन नको. माझ्याकडे बघून म्हण."

मी म्हटलं. तिच्याकडे बघून, मोठं तोंड उघडून, सावकाश, नवीन आलेल्या बाईला शिकवतात तसं. भाचीला गाण्याचे शब्द मी वहीत लिहून दिले होते, पण वही आत कपाटात होती. ती माझ्या ओठांकडे बघत होती आणि एक शब्द मागे राहून मोठ्याने म्हणत होती.

"पलीकडच्या," ती म्हणाली. "मागावर. माझी. बहीण उभी."

थोडी थांबली, मी पुढचं म्हटलं.

"धोटा जातो. धोटा येतो. मी इथेच उभी."

चाल नव्हती, काही नव्हतं. लहान मूल पाटीवरचं वाचतं तसं ती वाचत होती. पण ताईचे शब्द मी पहिल्यांदाच कानांनी ऐकत होते. आजवर ते डोळ्यांनीच आत आले होते, आणि ती गेल्यापासून माझ्यात जे बंद होतं ते डोळ्यांपाशीच अडून बसलं असावं. कारण पुढच्या ओळीला माझे ओठ हललेच नाहीत. पोटातून काहीतरी वर आलं, आणि त्याला आवाज होता. मला स्वतःला ऐकू आला एवढा मोठा. नऊ महिन्यांपूर्वी बायकांनी ज्याची वाट बघितली होती ते रडणं बंद खिडक्यांच्या खोलीत, माझ्या ओठांपासून चार बोटांवर ठेवलेल्या माईकसमोर आलं, आणि थांबेना.

लाल गोल अजून चालूच होता. डबीवरचे दिवे हिरव्यातून पिवळ्यात गेले, मग सगळे लाल झाले. भाचीने बटणाकडे हात नेला, माझ्याकडे बघितलं, आणि हात मागे घेतला. ती पुढची ओळ माझ्या ओठांवर येण्याची वाट बघत बसून राहिली.